त्या केसांचे काय करावे?

वॉशिंग्टनचे ज्यूसंहार-स्मारक संग्रहालय आपल्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. इस्राएलहून किंवा मुंबईहून अमेरिकेतल्या मुलाबाळांकडे येणारी आपली मंडळी व्हाइट हाउस पाहतात, लिंकनचा पुतळा पाहतात आणि मग कोणीतरी मुलगा किंवा जावई त्यांना तिथे घेऊन जातो. मी या देशात १९७१ साली आले. संग्रहालय उघडले १९९३ च्या एप्रिलमध्ये. आणि माझे पाय तिकडे वळले ते २०२३ च्या एप्रिलमध्ये, पेसाहच्या सुटीत. तीस वर्षे मी ती जागा टाळली हे येथे कबूल करते. जन्मभर नर्सचे काम केलेल्या बाईने मेलेल्या माणसांना भ्यावे असे काही नाही. पण इस्पितळात मेलेल्या माणसाच्या नावाची चिठ्ठी त्याच्या अंगाला बांधलेली असते, आणि बाहेर त्याचे कोणीतरी बाकावर बसलेले असते. तिथे तसे नाही, एवढे मला ऐकून ठाऊक होते.

गेले ते नातीमुळे. तिला शाळेने निबंध दिला होता. ती पंधरा वर्षांची आहे, मराठी समजते, बोलायला लाजते. लिफ्टने चौथ्या मजल्यावर नेतात आणि तेथून एकेक मजला पाहत खाली उतरायचे. सुरुवातीला प्रत्येकाला एक लहानशी पुस्तिका मिळते, तीत एका खऱ्या माणसाची हकीकत असते. एकेका मजल्यावर एकेक पान उलटायचे अशी योजना. आमच्या बाईसाहेबांनी लिफ्टमध्येच शेवटचे पान उघडले आणि मला हळूच म्हणाली, "आजी, माझी वाचली." तिच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद होता. मला मात्र ते खटकले. सोडतीचा आकडा लागल्यासारखे वाटले. असो, तो विषय वेगळा.

तिसऱ्या मजल्यावर बूट आहेत. मायदानेक छावणीतून आणलेले, सुमारे चार हजार. दोन्ही बाजूंना बुटांचे ढीग आणि मधून आपण चालायचे. पुरुषांचे, बायकांचे, पोरांचे, सगळे एकाच राखाडी रंगावर आलेले. आणि वास येतो, जुन्या कातड्याचा वास. डोळे मिटता येतात, नाक मिटता येत नाही. त्याच मजल्यावर भिंतीवर एक मोठे छायाचित्र आहे, ऑश्विट्झमध्ये बायकांच्या डोक्यावरून कापलेल्या केसांच्या ढिगाचे. नात तिथे थांबली आणि तिने विचारले, "बूट खरे आहेत. गाडीचा डबा खरा आहे. मग केसांचा फोटोच का?"

मला उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर वाचनालयातून पुस्तके आणून वाचली. या संग्रहालयाच्या उभारणीचा इतिहास एडवर्ड लिनेंथल या अभ्यासकाने १९९५ साली लिहिला आहे, त्यात हे प्रकरण आले आहे. जे वाचले ते येथे सांगते, कारण त्यात असा एक प्रश्न आहे की तो आपल्याही दारात येऊन उभा राहतो.

संग्रहालय व्हावे असा कायदा अमेरिकन काँग्रेसने १९८० साली केला. त्याआधी १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी एली वीझेल यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. पुढे प्रदर्शनात काय काय मांडायचे हे ठरू लागले तेव्हा पोलंडमधून वस्तू येऊ लागल्या: मालगाडीचा डबा, बूट, वॉर्सा येथील ज्यूंनी लिहून ठेवलेले कागद ज्यात पुरले होते त्यांपैकी दुधाची एक किटली. यांबरोबर ऑश्विट्झचे थोडे केसही आले. ते काचेच्या कपाटात मांडावेत असेच ठरवणाऱ्यांपैकी बहुतेकांचे मत होते. त्यांचे म्हणणे, लोकांना जे घडले ते कळायचे तर ते पाहिलेच पाहिजे. आपण नाजूकपणा दाखवून काय मिळवणार? पण छावण्यांतून जिवंत सुटलेल्या काही बायका त्या कामात होत्या, त्यांनी हरकत घेतली. त्यांच्यातील एकीच्या म्हणण्याचा सारांश असा होता की, त्या ढिगात माझ्या आईचे केस असू शकतील. ते तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्यांना दाखवू नका.

झाले. या एका वाक्यापुढे सगळे मुद्दे थांबले. केस मांडायचे नाहीत असे ठरले, ते शहराबाहेरच्या कोठारात ठेवले गेले आणि भिंतीवर छायाचित्र लागले.

आता आधी केसांविषयी दोन शब्द. अलिबागच्या इस्राएल आळीतल्या ज्या बायका हे वाचत असतील त्यांना गुंतवळ आठवेल. माझी आजी रोज संध्याकाळी दिवेलागणीपूर्वी केस विंचरी, फणीत अडकलेले केस बोटाला गुंडाळून त्याचा गोळा करी आणि खुंटीवरच्या पिशवीत टाकी. केस वाऱ्यावर सोडू नयेत, पायदळी येऊ देऊ नयेत असा दंडक. मग दोनतीन महिन्यांनी सुया-पोत विकणारी बाई आळीत आली की गुंतवळ देऊन आजी सुया घेई. म्हणजे केसाचा व्यापार आमच्या ओट्यावरही होत होता, हे मी विसरलेले नाही. आजी वारली तेव्हा तिला आंघोळ घालणाऱ्या म्हाताऱ्या बायकांनी शेवटची वेणीफणी केली, आणि फणीला राहिलेले केस उचलून कफनात ठेवले. मी लहान होते. मी विचारले, हे का? तेव्हा एक जण म्हणाली, "तिचे ते तिच्याबरोबर." जिवंतपणी सुईच्या मोबदल्यात दिलेला केस आणि मेल्यावरचा केस यांत आमच्या बायकांना फरक कळत होता, आणि तो त्यांना कोणी पुस्तकातून शिकवला नव्हता.

ऑश्विट्झमध्ये काय झाले? १९४२ च्या ऑगस्टमध्ये छावण्यांच्या मुख्य कचेरीतून लेखी हुकूम निघाला की कैद्यांचे कापलेले केस वाया घालवू नयेत. त्यांपासून नमदा आणि सूत करावे. पाणबुडीवरच्या खलाशांना मोजे आणि रेल्वेच्या नोकरांना पायात घालायची आच्छादने त्यातून होतील. ऑश्विट्झमध्ये गॅसने मारलेल्या बायकांच्या प्रेतांवरूनही केस कापले जात. २७ जानेवारी १९४५ रोजी रशियन सैन्य आत शिरले तेव्हा वखारीत पोत्यांत बांधून पाठवणीसाठी तयार ठेवलेले सुमारे ७ टन केस त्यांना सापडले. ७ टन म्हणजे किती याचा हिशेब करण्याचा प्रयत्न मी केला होता, एका बाईच्या वेणीचे वजन धरून. नंतर सोडून दिला.

मला मान्य आहे की केस दाखवा म्हणणाऱ्यांची बाजू हलकी नाही. संग्रहालयाच्या बाहेरच्या भिंतीवर जनरल आयझेनहॉवर यांचे शब्द कोरलेले आहेत. १२ एप्रिल १९४५ रोजी ते ओर्डरूफ नावाच्या छावणीत गेले. आपण मुद्दाम गेलो, पुढेमागे कोणी हा सगळा प्रचार होता असे म्हणू लागले तर डोळ्यांनी पाहिल्याची साक्ष देता यावी म्हणून, अशा अर्थाचे त्यांनी तीन दिवसांनी लिहिले. लढाई चालू होती, प्रेते अजून उघड्यावर होती, आणि त्या सैनिकाला तेव्हाच दिसले होते की लोक उद्या नाकारतील. आणि तसे झालेच. नाकारणारे निघाले, पुस्तके लिहू लागले. एकाने तर आपल्याला खोटारडा म्हटले म्हणून अमेरिकन इतिहासकार डेबोरा लिपस्टाट यांच्यावर लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला. २००० सालच्या एप्रिलमध्ये तो हरला.

आणि केस हा साधासुधा पुरावा नव्हे. १९४५ सालीच क्राकोव्हच्या न्यायवैद्यक संस्थेत या केसांची तपासणी झाली आणि त्यांत सायनाइडचे अंश सापडले. म्हणजे ज्या बायकांना बोलू दिले नाही त्यांच्या केसांनी साक्ष दिली. मग असा साक्षीदार कोठारात का लपवावा, असे कोणी विचारले तर त्याला वेडा म्हणता येणार नाही.

पण मी यावर पुष्कळ विचार केला, आणि मला वाटते इथे दोन गोष्टींची गल्लत होते. पुरावा तपासणारा वेगळा आणि पाहून हेलावणारा वेगळा. क्राकोव्हच्या प्रयोगशाळेत केस गेले ते पुरावा म्हणून गेले. लंडनच्या न्यायालयात तर लिपस्टाट यांच्या वकिलांनी छावण्यांतून सुटलेल्या कोणालाही साक्षीला उभे केले नाही. त्या म्हाताऱ्या माणसांची उलटतपासणी त्या दावेदाराच्या हातून होऊ द्यायची नाही असे त्यांनी ठरवले आणि कागदपत्रांवर व तज्ज्ञांच्या साक्षीवर दावा जिंकला. सत्य सिद्ध व्हायला मेलेल्यांना आणि जखमींना दरबारात हजर करावेच लागते असे नाही. काचेच्या कपाटात ठेवलेले केस काही सिद्ध करीत नाहीत. माझ्या नातीला ते खरे आहेत की गिरणीतल्या सुताचे, हे काचेतून कसे कळणार? ते तिथे असतात ते तिच्या पोटात कालवावे म्हणून. आणि जे केस एकदा नमद्याचा कच्चा माल म्हणून पोत्यात भरले, ते आता आपल्या अश्रूंचा कच्चा माल म्हणून मांडायचे? हेतूत जमीनअस्मानाचे अंतर आहे, हे मी जाणते. पण केसांच्या बाजूने पाहिले तर दोन्ही वेळा त्यांना कोणी विचारले नाही.

इथे मला माझ्या शिकाऊ दिवसांतली एक खोली आठवते. आम्हा मुलींना शरीराची रचना दाखवायला एका दालनात नेत, तिथे बरण्यांत माणसांचे अवयव ठेवलेले होते. एका बरणीत न जन्मलेले मूल होते. आमच्यातल्या एका मुलीने विचारले, "याची आई कोण?" शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "रोगाचे नाव लिहून घ्या." आम्ही लिहून घेतले. त्या विद्येवर पुढे मी जन्मभर पोट भरले, किती बाळंतिणी सुखरूप घरी पाठवल्या. म्हणजे मेलेल्याच्या देहापासून जिवंतांनी शिकूच नये असे मी म्हणू शकत नाही. म्हटले तर माझ्याच अन्नाला नावे ठेवल्यासारखे होईल. फक्त त्या मुलीने विचारलेला प्रश्न मला साठ वर्षांनी वॉशिंग्टनमध्ये परत ऐकू आला, आणि या वेळी उत्तर देणारी बाई म्हणत होती की, कदाचित माझी.

कदाचित. सगळी मेख या शब्दात आहे. तिला खात्री नव्हती. सात टनांतून काही मूठभर केस अमेरिकेत आले, त्यात तिच्या आईचे असण्याचा संभव किती? कोर्टात हा हक्क टिकणार नाही. पण त्या केसांवर दुसऱ्या कोणाचा हक्क यापेक्षा जास्त होता? पोलंडच्या सरकारचा? अमेरिकेच्या करदात्यांचा? पुढच्या पिढ्यांचा? माझ्या नातीचा, तिला निबंध लिहायचा होता म्हणून?

याच तऱ्हेचे आणखी एक प्रकरण सांगते, ते माझ्या मताला थोडे आडवे जाते म्हणूनच सांगते. दीना गॉट्लीबोव्हा ही चेकोस्लोव्हाकियातली तरुण चित्रकार ऑश्विट्झमध्ये होती. मेंगेले नावाच्या त्या डॉक्टरला रोमा, म्हणजे जिप्सी, कैद्यांच्या कातडीचा रंग छायाचित्रात नीट उतरत नव्हता म्हणून त्याने तिच्याकडून त्यांची चित्रे काढून घेतली. त्या कामाने तिचा आणि तिच्या आईचा जीव वाचला. पुढे ती अमेरिकेत आली, लग्नानंतर दीना बॅबिट झाली, हॉलिवुडमध्ये व्यंगचित्रपटांसाठी चित्रे काढू लागली. १९७३ साली तिला ऑश्विट्झच्या संग्रहालयाकडून कळले की तुझी सात जलरंगचित्रे आमच्याकडे आहेत. ती आणायला गेली. त्यांनी दाखवली, दिली नाहीत. हा पुरावा साऱ्या जगाचा आहे, एका व्यक्तीचा नव्हे, असे त्यांचे म्हणणे. ती मागत राहिली, अमेरिकन काँग्रेसनेही तिची बाजू घेतली, आणि २००९ च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियात ती वारली. चित्रे तिला मिळाली नाहीत.

पहिल्यांदा वाचले तेव्हा मी संतापले. स्वतःच्या हाताने काढलेले, स्वतःच्या जिवाच्या मोलाने काढलेले चित्र तिला का देऊ नये? भिंतीवर नक्कल लावली असती तर संग्रहालयाचे काय अडले असते? अजूनही मला वाटते द्यायला हवी होती. पण मग मनात आले, चित्रांत चेहरे कोणाचे आहेत? त्या रोमा बायका आणि पुरुष ठार मारले गेले. त्यांच्या बाजूने कोण बोलले? चित्रकाराचा हक्क आणि संग्रहालयाचा हक्क यांच्या भांडणात, ज्यांना समोर बसवून चित्रे काढली त्यांचे नावही निघाले नाही. त्यांचा एखादा नातू असा असेल की त्याच्याकडे आजीचा दुसरा एकही फोटो नसेल. याचे उत्तर मला सापडलेले नाही. हक्क सांगायला जो जिवंत राहतो त्याचाच हक्क मोठा दिसतो, एवढे मात्र यातून कळले, आणि ती गोष्ट काही समाधानाची नाही.

आपल्या समाजातले एक वडीलधारे गृहस्थ आहेत. त्यांना मी हे सगळे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "बाई, हे युरोपवाल्यांचे दुःख. आपल्याला हिंदुस्थानात कोणी बोट लावले नाही. आपण कशाला त्यात मत द्यावे?" त्यांचे पहिले म्हणणे खरे आहे, आणि ते आपण कृतज्ञतेने सांगत आलो आहोत. पण दुसरे मला पटत नाही. ते दुःख आपल्या घरावरून गेलेच नाही असे नाही. ऑल इंडिया रेडिओच्या ज्या धुनेवर आपण सगळे लहानपणी उठलो ती बांधणारे वॉल्टर काउफमान हे १९३४ साली मुंबईत आसऱ्याला आलेले ज्यूच होते. पुढे तेही अमेरिकेतच आले आणि इंडियाना राज्यात शिकवीत राहिले. रोज सकाळी आपल्या स्वयंपाकघरात एक निर्वासित वाजत होता आणि आपल्याला ठाऊक नव्हते.

पण खरे कारण ते नाही. खरे कारण नवगावचे आहे.

अलिबागेहून थळ-किहीमच्या बाजूला नवगावचा किनारा आहे. तिथे आपले जहाज फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि जी प्रेते लाटांनी किनाऱ्यावर आणली ती त्यांनी पुरली, पुरुषांची एका टेकाडात आणि बायकांची दुसऱ्या, ही हकीकत आपल्यापैकी प्रत्येकाने आजीच्या मांडीवर ऐकली आहे. केहिमकरांनी ती आपल्या इतिहासात लिहून ठेवली. आज तिथे स्मारकाचा स्तंभ आहे; माझ्या लहानपणी गवत होते, आणि वडील चपला काढून उभे राहत. कोणाचेही नाव तिथे नाही. पोथ्या बुडाल्या, नावे बुडाली, तारीख बुडाली. शेमा तेवढी राहिली.

आणि आपल्याकडे पुरावा मागितला गेला नव्हता का? १९६२ साली इस्राएलमध्ये धर्मपीठाचा हुकूम निघाला की बेने इस्राएल मुलीचे किंवा मुलाचे लग्न इतर ज्यूंशी लागायचे असेल तर आईकडच्या पिढ्या मागे मागे जाऊन तपासा. बेरशेबा, दिमोना, लोद येथल्या आपल्या माणसांवर ती वेळ आली. १९६४ च्या उन्हाळ्यात आपले लोक बायकामुलांसह यरुशलेममध्ये धरणे धरून बसले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेला सांगावे लागले की हे लोक सर्व बाबतींत पुरे ज्यू आहेत. मी तेव्हा मुंबईत नर्सिंग शिकत होते. माझ्या मावशीची पत्रे येत. एका पत्रात तिने लिहिले होते, माझ्या आईची आई कोण होती याचा कागद कुठून आणू?

त्या दोन वर्षांत कोणी म्हणाले असते की चला नवगावला, टेकाडे खणू, हाडे काढू, तज्ज्ञांना दाखवू, एकदाचा निकाल लागू दे, तर? अपमान तर एवढा झाला होता की मोह पडला असता. माझ्या ऐकिवात तसे कोणी म्हटले नाही. २०१६ साली शास्त्रज्ञांनी आपल्या रक्ताची गुणसूत्रे तपासून सांगितले की यात हिंदुस्थानी वंशाबरोबर ज्यू वंशही आहे. तेही जिवंत माणसांनी आपण होऊन दिलेल्या नमुन्यावरून. टेकाडांना हात लागला नाही. खाली पडलेल्या बायकांना आम्ही आमच्या भांडणात साक्षीला बोलावले नाही.

म्हणून केस दाखवा म्हणणाऱ्यांचा राग मला कळतो. ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही त्याला सगळे उघडे करून दाखवावेसे वाटते, अंगावरचे वळसुद्धा. आणि नको म्हणणाऱ्या बाईचेही मला कळते. दोघांच्या मध्ये उभे राहून कौल द्यायचा तर मी त्या बाईच्या बाजूने देते, आणि वॉशिंग्टनवाल्यांनी बरोबर केले असे म्हणते. छायाचित्र पुरे आहे. ज्याला छायाचित्र पाहून काही होत नाही त्याला केस पाहून जे होईल ते मला नको आहे.

पण कोठाराचे काय? हा प्रश्न सुटलेला नाही. दाखवायचे नाहीत हे ठरले, पुरायचे असे मात्र ठरले नाही. काचेत नाही आणि मातीतही नाही, असे कुठेतरी फळीवर. ऑश्विट्झला आजही जवळजवळ दोन टन केस काचेमागे आहेत. त्या खोलीत छायाचित्र घ्यायला मनाई आहे. तिथले लोक बूट, पेट्या, चष्मे जिवापाड जपतात, दुरुस्त करतात. केसांवर मात्र काही उपचार करीत नाहीत. ती माणसाच्या देहाची गोष्ट आहे, तिची तिने माती होऊ द्यावी असे त्यांनी ठरवले आहे. केसांचे रंग केव्हाच गेले. काळे, सोनेरी, तांबडे सगळे एकाच मातकट रंगाचे झाले आहेत. म्हणजे काचेच्या आतच एक संथ दफन चालू आहे. हे वाचून मला प्रथम बरे वाटले, आणि मग वाटले, दफन असे माणसांच्या रांगेपुढे करतात का? आपल्याकडे माती देताना चार माणसे पुढे येतात, प्रत्येक जण मूठ टाकतो, हश्कावा म्हणतो. कोण कोणाला माती देतो आहे हे दोघांनाही ठाऊक असते, निदान एकाला तरी.

माझे मत विचाराल तर पुरावेत. सगळे नव्हे तर नव्हे, नाकारणाऱ्यांची भीती असेल तर थोडे तपासणीसाठी मोहोरबंद ठेवावेत, जसा खटल्याचा मुद्देमाल ठेवतात तसा. पण बाकीचे पुरावेत. त्यावर लगेच लोक विचारतील, कोणत्या विधीने? त्यात ज्यू नसलेल्या बायकांचेही केस असतील. असतील. दोन टेकाडांत कोणाकोणाला पुरले हे नवगावच्या चौदा जणांनी तरी कुठे तपासून पाहिले होते? बाई की पुरुष एवढेच त्यांनी पाहिले.

हा मजकूर छापायला पाठवण्यापूर्वी मी नातीला फोनवर मराठीतच वाचून दाखवला, मधूनमधून इंग्रजीत समजावीत. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "आजी, मग बुटांना कोणी हरकत का नाही घेतली? बुटात पायाचा आकार राहतो." मी म्हटले, बूट चांभाराने केलेला असतो, केस देहातून येतो. ती म्हणाली, "माझे फुटबॉलचे बूट दुसऱ्या कोणी घातले तर मला कसेतरी होते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. तिला म्हटले, हे तू निबंधात घालायला हवे होतेस. ती म्हणाली निबंध केव्हाच दिला.

या हिवाळ्यात गुडघ्यांनी साथ दिली तर अलिबागला जाणे होईल. तिलाही नेणार आहे. नवगावला उभे केले की ती विचारीलच, आत खरेच कोणी आहे का, आणि ते आपल्याला कसे ठाऊक.